कापूस पांढराच राहिला

१

रविवारी दुपारी आमच्या गल्लीत जो आवाज झाला, तो फटाक्याचा नव्हता. फटाक्यामागून हसू येतं. या आवाजामागून आधी काहीच आलं नाही, आणि मग कोन्सुएलोची किंकाळी आली.

आम्ही धावलो. धुण्याच्या दगडापाशी तिचा मुलगा आर्नेल गुडघ्यांवर बसला होता. उजवा हात त्यानं पुढे धरला होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे आणि याच्याकडे घटकाभर सांभाळायला दिलाय. तळवा काळा पडला होता. हवेत पिकल्या आंब्याचा गोड वास होता आणि त्या गोडाखाली जळक्या धातूचा. वाफ ओढायची त्याची पितळी नळी उडून छपराच्या पत्र्यात अर्धी घुसली होती.

या नळ्या आमच्या मारिकिनात, बूट शिवणाऱ्यांच्या या गावात, तेव्हा घरोघर होत्या. पोकळ पितळ, आत एक बॅटरी, बुडाशी कळ, वरच्या टोपणात तारेचं वेटोळं आणि त्यात खोवलेला कापूस. कळ दाबली की वेटोळं तापतं, कापसातला रस वाफ होतो. हे वेटोळं, म्हणजे कॉइल, ज्याची त्यानं वळायची, त्यातच सगळी मिजास. पण नळीच्या पोटात काही चुकलं तर वीज तोडणारं कुणीच नाही. ना फ्यूज, ना दिवा.

आर्नेल बावीस वर्षांचा, बुटांचं चामडं शिवणारा. शिवणयंत्रावर त्याचा उजवा हात अशा एका लयीत चाले, की बघणाऱ्याला झोप यावी. डॉक्टर म्हणाले, दोन बोटांचं नंतर सांगू.

सोमवारी सकाळी कोन्सुएलो वस्तीच्या पंचायतीत आली. तिथली नोंदवही मी लिहिते. नळी, फुटकं टोपण, जळकी बॅटरी, सगळं तिनं एका स्टीलच्या ताटलीत घालून माझ्या टेबलावर ठेवलं आणि एकच नाव सांगितलं. रोवेना.

एफ्रेनच्या दुकानात दर रविवारी नवशिक्यांना कॉइल वळायला शिकवते ती रोवेना. तिशी ओलांडलेली, लग्न न केलेली, म्हाताऱ्या बापाजवळ राहणारी. मोठ्या बहिणीला आमच्याकडे आते म्हणतात, मोठ्या भावाला कुया. अर्ध्या गल्लीची ती आते. निरोप जायच्या आत ती स्वतःच आली. छातीशी वही घट्ट धरलेली, डोळ्यांत भांडायची तयारी. त्या वहीत तिच्या प्रत्येक शिष्याच्या कॉइलचं माप लिहिलेलं असे.

वही उघडत ती टेबलापाशी आली आणि तिची नजर ताटलीवर पडली. फुटक्या टोपणाच्या आट्यांत काहीतरी अडकलं होतं, नखाएवढं, पांढरं. ती वाकली. बघितलं. आणि तिच्या चेहऱ्यावरून रंग असा उतरला, जशी दोरीवरची चादर कुणी एका झटक्यात ओढावी.

तिनं वही मिटली.

"कॉइल माझ्यासमोर बांधली गेली," ती म्हणाली. "चूक माझी. लिही."

२

सुनावणी बुधवारी चारला ठरली. चूक रोवेनाच्या नावावर चढली, तर दुकानातलं तिचं शिकवायचं बाक जाणार आणि कागद पोलिसांकडे जाणार. तोवर काय घडलं ते शोधायचं काम पंचायतीनं आलिंग पुरितावर सोपवलं. दुसरं होतंच कोण.

पुरिता चौसष्ट वर्षांची, आणि आलिंग ही वयस्क बाईची मानाची हाक. रेडिओच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर तिनं तीस वर्षं काढली. बंद पडलेल्या वस्तूशी ती आजारी लेकराशी बोलावं तशी बोलते. कुठं दुखतं गं, म्हणते, आणि खरोखर थांबते.

त्या दिवशीही थांबली. टोपण हातात घेऊन आधी वास घेतला. मग चिमट्यानं वरचं झाकण उचकटलं आणि मला म्हणाली, "पोरी, तुझे डोळे तरुण आहेत. काय दिसतं?"

मी सांगितलं. तारेची दोन वेटोळी, शेजारी शेजारी. दोन्हींत कापूस.

"कापूस कसा?"

"पांढरा," मी म्हणाले. "ओला. आंब्याचा वास येतोय."

ती हसली नाही. कपाटातून आपलं मापाचं यंत्र काढलं, दोन्ही टोकं लावली. काटा थरथरला आणि अर्ध्या ओहमवर बसला. रोवेनाच्या वहीत आर्नेलच्या नावापुढं नेमकं तेवढंच लिहिलेलं होतं. नळीवर चिकटवलेल्या मापाच्या जळक्या चिठ्ठीवरही.

मला त्यातलं फार कळत नव्हतं. तिनंच समजावलं. अडथळा जितका कमी, तितकी वीज जास्त. माप फार खाली गेलं, की बॅटरीकडून झेपेल त्याहून जास्त मागितलं जातं आणि ती तापते, फुगते, फुटते. म्हणून आधी मोजायचं आणि मगच कळ दाबायची. अर्धा ओहम म्हणजे साडेआठ अँपियरसुद्धा नाही. चांगली बॅटरी वीस सोसते.

"आणि कॉइल तापून बॅटरी फुटली असती," ती म्हणाली, "तर सगळ्यांत आधी हा कापूस जळाला असता. चूल पेटून घर गेलं म्हणतायत, आणि चुलीवरच्या पातेल्यात तांदूळ कच्चाच."

"म्हणजे?"

"म्हणजे या कॉइलमधून वीज गेलेलीच नाही."

मी लेखणी खाली ठेवली. नळी फुटली होती, हात जळला होता, आणि वीज जायची एकच वाट होती. त्या वाटेनं ती गेलीच नव्हती.

३

एफ्रेनचं दुकान पुलाच्या अलीकडे. पूर्वी तिथं बूट विकत. शेल्फं तीच आहेत, बुटांच्या जागी आता रसाच्या बाटल्या. आम्ही गेलो तेव्हा तो काउंटर पुसत होता, तोच तोच कोपरा परत परत.

बसा म्हणाला, कॉफी मागवली. आलिंग, तुम्हीपण एक झुरका घ्या, मनाला बरं वाटेल, असंही म्हणाला. पुरितानं उत्तर दिलं, की तीस वर्षांचा डाखाचा धूर अजून तिच्या नाकातून निघतोय, तो संपला की येईन.

मग तो बोलायला लागला आणि थांबेना. त्याचं म्हणणं सरळ होतं. आर्नेलच्या टोपणात दोन कॉइल होत्या. नवशिक्यांना वाटतं दोन लावल्या की अडथळा दुप्पट होतो. उलट तो निम्मा होतो. खोलीला दोन दारं केली तर माणसं दुप्पट बाहेर पडतात, तसं. रोवेनानं एकीचं माप घेतलं असणार, अर्धा लिहिलं असणार, आणि दुसरी बसवल्यावर परत मोजलं नसणार. खरा आकडा पाव.

पुरितानं त्याला सांगितलं नाही, की आपण मोजलंय. फक्त विचारलं, की पाव धरला तरी सतरा अँपियर होतात, मग वीसची बॅटरी का फुटावी?

एफ्रेननं हातातलं फडकं खाली ठेवलं. मग हळूच म्हणाला, "आलिंग, नळी माझ्या दुकानातली आहे. अशा चाळीस विकल्यात मी. नळीत दोष निघाला तर मी कुठं जाऊ?"

माणूस वाईट नव्हता. घाबरलेला होता.

मी बाटल्यांमागं बघत होते. भिंतीशी चार्जर होता, त्यात चार बॅटऱ्या उभ्या, तीन जांभळ्या आणि एक पांढरी. पांढरी का, असं मीच विचारलं. तो म्हणाला, ती इथली रीत. नवशिक्याची पहिली कॉइल म्हणजे त्याचा बाप्तिस्मा. त्याला कुणीतरी धर्मबाप लागतो. धर्मबाप बॅटऱ्यांची जोडी भेट देतो, आणि बाप्तिस्म्याला लेकराला घालतात तसं त्या बॅटऱ्यांना पांढरं घालतात. जुनं प्लास्टिकचं आवरण सोलायचं, पांढरं चढवायचं, गरम हवा दिली की ते अंगाला घट्ट बसतं. ते काम रोवेनाचं. तिच्यासारखं कुणाला जमत नाही.

"आर्नेलचा धर्मबाप कोण?"

एफ्रेननं खांदे उडवले. पोरगा आला तेव्हा बॅटऱ्या पांढऱ्या होऊनच आल्या होत्या. त्यानं विचारलं नाही. रोवेनानंच घरी चढवलं असेल, असं त्याला वाटलं.

बाहेर पडल्यावर पुरिता पुलाच्या कठड्याशी थांबली. पदराच्या गाठीतून सोडवावा तसा तिनं रुमालातून तो पांढरा कपटा काढला, टोपणाच्या आट्यांत अडकलेला. एक बाजू वितळून चुरगळलेली, दुसरी कापलेली. कापलेली बाजू तिनं बोटाच्या पेरावरून फिरवली.

"कात्री अशी कापत नाही," ती म्हणाली.

४

मंगळवारी आम्ही रोवेनाच्या घरी गेलो. तळमजल्यावर बापाची बूट शिवायची जागा, वर दोन खोल्या. ती चुलीपाशी होती, आलं घालून तांदळाची पेज ढवळत. उठली नाही. ढवळत राहिली.

पुरितानं तिला कॉइलबद्दल एक अक्षर विचारलं नाही. म्हणाली, "बॅटरीला आवरण कसं घालायचं ते मला शिकव. तू पोरांना शिकवतेस तसं."

रोवेनानं एका श्वासात सांगितलं, दळताना ओवी यावी तसं. आवरण फाटलं असेल तर बॅटरी वापरायची नाही, आधी बदलायचं. सोलताना सुरी लावायची नाही, नखानं काढायचं. बॅटरीचं डोकं धन आणि बाकी सगळं अंग ऋण, डोक्याभोवतीची कडसुद्धा. दोघांमध्ये तांदळाच्या दाण्याएवढं अंतर. त्या अंतरावर कागदाची पांढरी चकती बसलेली असते, ती हलता कामा नये. जुन्या आवरणाबरोबर निघाली तर नवी बसवायची. नवं आवरण कडेवरून आत वळलं पाहिजे, नखाच्या टोकाएवढं. चकती नसेल तर...

पेज उतू गेली. तिनं ती पुसली.

"आर्नेलच्या बॅटऱ्यांना आवरण कुणी घातलं, रोवेना?"

रोवेनानं पेजेत पळी परत घातली.

"मीच," ती म्हणाली.

पुरितानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि खाली उतरली.

खाली तिचे वडील, सगळ्यांचे ताताय म्हणजे बाबा, इसिद्रो काम करत बसले होते. सत्तरीचे, पाठ वाकलेली, हात मात्र विशीतले. गावातल्या निम्म्या चांभारांचे ते गुरू. आर्नेलही सुई धरायला यांच्यापाशीच शिकला. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि पहिला प्रश्न बोटांचा केला. दोन्ही राहतील का?

आम्हाला माहीत नव्हतं.

मग म्हातारा लेकीवर बोलायला लागला, ती वर ऐकतेय हे माहीत असून. दोन वर्षं सांगतोय, म्हणाले, चामडं सोडू नकोस. चामडं कुणाचा हात जाळत नाही. धुराच्या धंद्याला लागली. आणि आता त्या पोराचा हात. इतकं बोलून ते कामाकडे वळले. एका जुन्या बुटाचं अस्तर काढत होते. चपटी, तिरकी धार असलेली सुरी चामड्याखालून अशी सरकली, की जुनं अस्तर अख्खं सुटून आलं. खाली गोंदाचा, कागदाचा कण चिकटला होता, तोही त्यांनी खरवडला. मग अंगठ्यानं जागा चाचपली.

"इतकं साफ?" पुरितानं विचारलं.

"खाली जुनं काही राहता कामा नये," ते म्हणाले. "राहिलं तर नव्यावर उमटतं. माझ्या हाताखालचा कुठलाही पोरगा विचारा, पहिलं हेच शिकवतो मी."

नवं अस्तर त्यांनी घातलं, कडेला दाबलं, आणि वर आलेला काठ सुरीनं उडवला. तिरका, बारीक, कडेशी एकजीव. शेजारी गोंद तापवायचं गरम हवेचं यंत्र पडलं होतं.

पुरिता माझ्याकडे बघत नव्हती. मी तिच्याकडे बघत होते. तिचा हात रुमालाच्या खिशावर गेला होता.

दारात तिनं सहज विचारलं, "ताताय, आर्नेलला पहिल्या कॉइलची भेट कुणी दिली, काही कल्पना?"

म्हाताऱ्यानं मान वर केली नाही. "मला काय विचारता. त्या दुकानाची पायरीसुद्धा चढलो नाही मी कधी."

ते खरंही होतं.

५

इस्पितळात भेटायला जेवणानंतर सोडतात, म्हणून बुधवारी दुपारी गेलो. आर्नेल खाटेवर बसून होता, हात पांढऱ्या गाठोड्यात. घरून आलेला पाव डाव्या हातानं खायला अजून जमत नव्हतं. कण गळ्याशी, कण चादरीवर.

पुरितानं त्याला विचारलं, कळ दाबली तेव्हा काय झालं.

"दाबलीच नव्हती, आलिंग," तो म्हणाला. "सगळ्यांना सांगतोय, कुणी ऐकत नाही. घरी येऊन बॅटरी आत टाकली, टोपण फिरवत होतो. शेवटचा आटा बसला आणि नळी हातातच तापली. मला वाटलं उन्हानं. सोडायच्या आत गेली."

"मी ऐकतेय," पुरिता म्हणाली.

पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन दिवसांत पहिल्यांदा कुणी त्याचं खरं धरलं होतं.

मग तिनं धर्मबापाचं नाव विचारलं. आर्नेल भिंतीकडे वळला. मी शब्द दिलाय, म्हणाला. त्यांनी सांगितलंय, आते रोवेनाला कळू द्यायचं नाही, म्हणून रविवारी तिला बॅटऱ्या दाखवल्याही नाहीत. आपण तिला इतकं बोललो, आता कुठल्या तोंडानं सांगू, असं म्हणाले ते.

इतकं बोलून त्याला कळलं, की आपण नाव सोडून सगळं सांगितलं.

पुरिता उठली. आता काही विचारायचं उरलं नव्हतं. दारापर्यंत गेली, आणि तिचे पाय तिथंच थांबले. वळली तेव्हा तिचा चेहरा मी कधी न पाहिलेला होता.

"आर्नेल. भेट जोडीनं देतात ना?"

"हो. एक वापरायची, एक चार्जरवर."

"दुसरी कुठाय?"

"दुकानात," तो म्हणाला. "कुया एफ्रेनकडे."

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते.

आम्ही ट्रायसिकल, म्हणजे आमच्याकडची तीनचाकी रिक्षा, केली. पुरिता सारखी पुढे वाकत होती, जणू तिच्या वाकण्यानं गाडी जोरात धावणार होती. दुकानाला कुलूप. काचेतून चार्जर दिसला. तीन जांभळ्या.

शेजारच्या केशकर्तनवाल्यानं सांगितलं, एफ्रेन आत्ताच पंचायतीत गेला. बरोबर तसलीच एक नळी घेऊन. म्हणत होता, आज सगळ्यांसमोर दाखवतोच. तीच नळी, पोराच्याच जोडीतली बॅटरी, आणि माझी कॉइल. काही होत नाही बघा.

६

सभागृह भरलं होतं. पुढच्या बाकावर कोन्सुएलो. तिच्यापासून दोन हात सोडून रोवेना, मांडीवर मिटलेली वही. मागं भिंतीशी ताताय इसिद्रो, टोपी हातात. एफ्रेन टेबलापाशी उभा होता आणि त्याचा आवाज आम्हाला बाहेर रस्त्यावर ऐकू येत होता. नळी, तो म्हणत होता, ही बघा नळी. बॅटरी, ही बघा. त्यानं ती आत सोडली. टोपण लावलं. फिरवायला लागला.

पुरिता धापा टाकत दारात उभी राहिली. ओरडली नाही. ती ओरडली असती तर तो दचकला असता आणि हात आणखी अर्धा आटा फिरला असता.

"एफ्रेन," ती म्हणाली, शाळेतल्या बाईंच्या आवाजात. "हात थांबव. आता उलटा फिरव. हळू."

तो हसला. कशाला, म्हणाला. पण बोटं थांबली होती.

"उलटा."

त्यानं फिरवलं. एक आटा, दोन, तीन. टोपण सुटलं. पुरितानं पुढे होऊन नळी आपल्या तळव्यावर पालथी केली. पांढरी बॅटरी बाहेर आली, स्वच्छ, सुंदर. तिनं ती खिडकीच्या उजेडात धरली आणि एफ्रेनला म्हणाली, बघ. डोक्याभोवती बघ.

एफ्रेननं बघितलं.

चकती नव्हती. आवरण कडेवरून आत वळलेलं नव्हतं. कडेबरोबर कापलेलं होतं, तिरकं, बारीक, केसाचीही चूक नसलेलं. धन डोकं आणि ऋण कड, दोघं उघडी समोरासमोर.

मग पुरितानं सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच. या नळीचं टोपण थेट बॅटरीवर येऊन बसतं. चकती असली तर ती कड झाकते आणि टोपण फक्त डोक्याला लागतं. नसली तर टोपणाचं पितळ डोक्यालाही लागतं आणि कडेलाही. वीज कॉइलपर्यंत जातच नाही, तिथल्या तिथं वळते, सगळीच्या सगळी, एका क्षणात. त्याला कळ दाबावी लागत नाही. टोपण पुरतं बसलं की झालं. म्हणून कापूस पांढरा राहिला. म्हणून पोरगा खरं बोलत होता. कॉइल निर्दोष होती, माप अचूक होतं, नळीही तशी ठीक होती.

कोन्सुएलोनं विचारलं, "मग चकती काढली कुणी?"

पुरितानं नाव घेतलं नाही. तिला बोलायचंच नव्हतं, हे मला दिसलं. तिनं बॅटरी टेबलावर ठेवली, कापलेली बाजू वर करून, आणि वाट बघितली.

मागून पावलं आली. ताताय इसिद्रो टेबलापाशी आले. चष्मा नव्हता, म्हणून फार खाली वाकले. आपला काठ माणसाला आंधळेपणीही ओळखता येतो.

"तो कागद," ते म्हणाले. "तो जुना कागद मी काढला. मला वाटलं घाण आहे."

त्यांनी तुटक तुटक सांगितलं. लेकीशी दोन वर्षं नीट बोललो नाही. वाटलं, तिच्या धंद्यातलं एक काम आपल्या हातानं करावं. पोरगा माझ्या हाताखालचा, धर्मबाप मीच व्हावं. मग एके दिवशी तिला सांगावं. तिला विचारायला लाज वाटली. रात्रंदिवस अस्तरं बदलणारा माणूस मी, एका बॅटरीचं काय विचारायचं.

"तात," रोवेना म्हणाली. "बसा."

"तुला माहीत होतं?"

ती उठली. सोमवारी ताटलीतला तुकडा बघितला तेव्हाच कळलं, म्हणाली. असा काठ मारिकिनात एकच हात कापतो.

कोन्सुएलो इतका वेळ दगडासारखी होती. आता ती रोवेनाकडे वळली, आणि मला वाटलं, माऊली हिला जवळ घेईल. निरपराध पोरगी, बापासाठी स्वतःचं नाव द्यायला निघालेली. माझ्याच डोळ्यांत पाणी होतं.

पण पुरिता आधी बोलली, आणि तिच्या आवाजात माया होती म्हणून ते जास्त लागलं.

"जोडी असते, रोवेना. तुला सोमवारीच माहीत होतं."

रोवेनानं एफ्रेनकडे बघितलं. टेबलावरच्या नळीकडे, त्याच्या दोन्ही हातांकडे, दहाही बोटांकडे. बापाला वाचवताना तिला दुसरी बॅटरी आठवलीच नव्हती. दर रविवारी जोडीच्या जोडी हाताळणाऱ्या बाईला.

एफ्रेन खाली बसला. जमिनीवरच.

बऱ्याच वेळानं रोवेना माझ्या टेबलाशी आली. "लिही," ती म्हणाली. सोमवारी म्हणाली होती तेच, पण हा आवाज वेगळा होता. "कॉइल बरोबर होती. चकती नव्हती. ते मला सोमवारी सकाळी कळलं आणि बुधवारी चारपर्यंत मी कुणाला सांगितलं नाही. तेवढ्यात आणखी एक हात गेला असता. लिहिलंस?"

मी लिहिलं.

निकाल काय द्यायचा, ते पंचायतीनं कोन्सुएलोला विचारलं. हात तिच्या लेकाचा होता. म्हाताऱ्याला पोलिसांत द्यायचं नाही, एवढं तिनं लगेच सांगितलं. आर्नेलचा हात धरता होईपर्यंत त्यानं रोज येऊन त्याला भरवावं. धर्मबाप झालास ना, मग हो. इसिद्रोंनी मान हलवली. मग रोवेनाचं बाक काढायचं का, असं पंचायतीनं विचारलं.

"नको," कोन्सुएलो म्हणाली. "ती नाही शिकवणार तर कुणीतरी अर्धवट शिकवेल. पण तिनं शिकवायच्या आधी हे सांगायचं. दर वेळी. बापाचं नाव न घेता, स्वतःचं घेऊन."

लगेच हो म्हणाली नाही रोवेना. ती शिक्षा किती लांब आहे, हे तिला कळत होतं. मग तिनं सही केली.

पुढच्या रविवारी दुकानात नऊ नवशिके आले. भेदरलेले, हात खिशात. एफ्रेन काउंटर न पुसता नुसता उभा होता. रोवेना बाकापाशी गेली, सोललेली एक बॅटरी उचलली आणि सगळे गप्प व्हायची वाट बघितली.

"मी रोवेना," ती म्हणाली. "मला चूक कळली होती आणि मी तीन दिवस गप्प राहिले."

मग तिनं पहिल्या रांगेला जवळ बोलावलं आणि चकती कुठं असते, ते बोट ठेवून दाखवलं.